शुभांगीच्या गेममधले शेजारी

ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते, आणि खरी अशी ती आजवर एकदाही कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. भावाला तर नाहीच — त्याच्याच कॉम्प्युटरवर सगळं घडलं, तरी नाही. आज सांगायचं म्हणून बसले आहे, आणि बसल्यापासून दोनदा उठून पंखा कमीजास्त करून आले. तिसऱ्यांदा उठायच्या आत सुरुवात करते.

मी अंधेरीला ॲनिमेशन शिकवते. गेमसाठी चित्रं कशी काढायची, हा माझा विषय. दरवर्षी वर्गात एक भांडण ठरलेलं असतं. अर्धी मुलं म्हणतात, मॅम, ग्राफिक्स झकास नसतील तर गेमला हात कोण लावणार? उरलेली म्हणतात, ग्राफिक्स काय चाटायचेत? खेळायला मजा यायला पाहिजे ना! आवाज चढतात, बाकं वाजतात. मग मी हात वर करून सगळ्यांना गप्प करते आणि माझी ती ठेवणीतली गोष्ट काढते. शहाऐंशी साली घाटकोपरला आम्ही दोन मैत्रिणींनी एक गेम केला होता. नुसती अक्षरं, चित्र एकही नाही, आणि बसलेला माणूस उठायला तयार नसायचा. मग आम्ही त्यात चित्रं घातली आणि गेमची वाट लागली. मुलं हसतात, वहीत लिहून घेतात — आधी खेळ, मग चित्र. मी पुढच्या मुद्द्याकडे वळते.

त्यातलं 'आम्ही' खोटं आहे. तो गेम शुभांगीचा होता. चित्रं माझी होती.

शुभांगी आणि मी एका कॉलेजात, आणि कॉलेज सुटलं की एकाच कॉम्प्युटर क्लासात. क्लास म्हणजे काय — स्टेशनपासून पाच मिनिटांवर एका दुकानाचा वरचा मजला, दोन मशिनं, वीसेक मुलं आणि गुप्ते सर. प्रत्येकाला आठवड्यातून अर्धा तास मशीन मिळायचं. बाकीचा वेळ वहीत प्रोग्रॅम लिहायचा. पण माझ्या घरी स्वतःचा कॉम्प्युटर होता! मामा बोटीवर होता, त्याने भावासाठी आणलेला, रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा. भावाने त्यावर महिनाभर विमानं पाडली आणि तो क्रिकेटकडे परत गेला. मशीन माझं झालं. कॉलेजात त्यामुळे माझी कॉलर ताठ असायची, हेही सांगून टाकते.

शुभांगी भटवाडीच्या चढावर राहायची, चाळीत. वडील मिलमधून सुटल्यावर एका सोसायटीत वॉचमन होते. तिच्याकडे कॉम्प्युटर सोडा, टीव्हीही नव्हता. तिच्याकडे होती एक लांबट वही, आणि घरची फरशी. तुम्हाला वाटेल, फरशीचा काय संबंध? आहे. ती गेम वहीत लिहायची आणि फरशीवर चालवून बघायची. चौकोनी लाद्या म्हणजे पडदा, चिंचोके म्हणजे माणसं. धाकट्या बहिणीला समोर बसवायची आणि स्वतः कॉम्प्युटर व्हायची — तू हे केलंस ना, मग आता हा चिंचोका दोन घरं सरकणार. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चाळीतल्या चार-पाच पोरी त्या लाद्यांभोवती कोंडाळं करून बसल्या होत्या आणि शुभांगीची आई त्यांना ओलांडून ओलांडून वैतागली होती. "गो चेडवांनो, जमनीर बसान पाणी भरतास की काय?" म्हणत होती. कारण गेम पाणी भरण्याचाच होता.

तो समजावून सांगते, कारण तो कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही. चढावर तीन नळ, एकाखाली एक. पाइप एकच. मधला नळ तुमचा. रोज सकाळी थोडा वेळ पाणी येतं, तेवढ्यात हंडे भरायचे. इथपर्यंत काही विशेष नाही. पण तुम्ही नळ पूर्ण सोडलात की वरच्या बाईच्या नळाला नुसती हवा. आणि ती बाई ते लक्षात ठेवते! दुसऱ्या दिवशी तुम्हाला यायला उशीर झाला तर ती तुमचा हंडा रांगेतून बाजूला करते. उलट तुम्ही तिच्यासाठी थोडं पाणी सोडलं असेल, तर ती तुमची जागा धरून ठेवते. खाली नाना नावाचा एक म्हातारा, तो तुमच्याशी तसाच वागतो — कधी चांगला, कधी वाईट, आदल्या दिवशी तुम्ही कसे वागलात त्यावर. फार हावरटपणा केलात तर चौथ्या सकाळी घरात थेंब नाही. फार भोळेपणा केलात तरी तेच. या दोन्हींच्या मधे कुठेतरी तुम्हाला टिकायचं असायचं.

पडद्यावर काय दिसायचं? इंग्रजी एच म्हणजे हंडा. एन म्हणजे नाना. के म्हणजे वरची काकी. पाण्याचे ठिपके. बस्स.

आणि लोक सोडायचे नाहीत हो. ती माझ्याकडे येऊन वहीतलं मशीनवर चढवायची, तेव्हा आमच्या बाबांनी — ज्यांना टीव्हीचा राग होता — 'काय खूळ आहे बघू' म्हणून हात लावला आणि आईने ताटं वाढून दोनदा हाका मारल्या तरी उठले नाहीत. 'हा एन फार डांबरट आहे,' म्हणत होते. एका अक्षरावर माणूस चिडला होता! मी बाजूला उभी होते. मला बाबांचं हसू आलं नाही. मला राग आला.

कारण मी तोवर तीन आठवडे आलेखाच्या कागदावर चित्रं काढत होते. एकेका चित्राचे बारके चौकोन, भरलेला चौकोन एक, रिकामा शून्य, आठ-आठ चौकोनांची बेरीज करून त्याचे आकडे. असे पानंच्या पानं आकडे. पितळी हंडा, त्यावर उजेड पडलेला. नऊवारीतली काकी, कमरेवर हात. चढावरची घरं. आळीत सगळ्यांना दाखवून झाली होती. एकदा गेममध्ये बसली की बघा, म्हणत होते मी. शुभांगीही 'छान आहेत गं' म्हणायची, मनापासून म्हणायची, पण सोबत हेही म्हणायची की मशीनची मेमरी सोळा के, गेमनेच जवळजवळ संपली आहे, तेव्हा मागाहून बघू. मशीन माझं, टीव्ही माझा, टेपरेकॉर्डर माझा, आणि मीच मागाहून? हे मी बोलले नाही. पण रोज ती वही उघडायची तेव्हा मनात हेच असायचं.

मला खरंच वाटत होतं का, की चित्रांनी गेम चांगला होईल? हे मी स्वतःला फार विचारलं आहे. नाही. मला माहीत होतं. बाबांची पाठ बघितली होती मी. मला गेम चांगला व्हायला नकोच होता, मला तो माझाही व्हायला हवा होता.

वर्ष संपताना क्लासचं प्रदर्शन असायचं. पालक, शेजारपाजारचे, कॉलेजचे दोन-चार प्राध्यापक यायचे. मुलांनी आपापले प्रोग्रॅम मांडायचे, आणि त्यातून सर पुढच्या वर्षासाठी एक मदतनीस निवडायचे. नव्या मुलांना शिकवायचं, आणि त्याबदली दुपारभर एक मशीन तुमचं. दुपारभर! शुभांगीला दुसरं काही नको होतं. माझ्याकडे मशीन होतंच. तिच्याकडे फक्त ही एक संधी होती, आणि हे तिच्यापेक्षा मला जास्त स्पष्ट दिसत होतं.

प्रदर्शनाच्या दहा दिवस आधी मी तिचा गेम भरलेली टेपची कॅसेट सरांना दाखवायला नेली. त्या दिवशी ती आली नव्हती, गावाहून आत्या आली होती तिची. सरांनी कॅसेट लावली, ती किर्र किर्र वाजत चढली, आणि सर खेळायला बसले. त्यांचा चहा निवला. पुढच्या बॅचची मुलं दारात येऊन उभी राहिली. शेवटी मान वर करून म्हणाले, "हिला सांग, आता याला हात लावायचा नाही. चित्रंबित्रं काही नकोत. आहे तसाच टेबलावर ठेवायचा. कळलं ना? शब्द न शब्द सांग." मी म्हटलं, हो सर.

माझ्या पिशवीत आलेखाच्या कागदांची गुंडाळी होती. सरांना दाखवायला आणलेली. ती मी काढलीच नाही.

दुसऱ्या दिवशी शुभांगी घरी आली. चपला काढायच्या आधी विचारलं, काय म्हणाले सर? आणि मी — आता बघा, इतका वेळ मी इकडे तिकडे फिरले, पण वाक्य एवढंसंच आहे — मी म्हटलं, "सर म्हणाले, असा ओबडधोबड गेम मांडला तर क्लासचं हसं होईल. चित्रं घाला म्हणाले."

ती दारातच थांबली. "पण खेळून बघितला ना त्यांनी?"

"बघितला ना. दोन मिनिटं."

हे दुसरं वाक्य कशासाठी बोलले मी? पहिल्याने काम झालं होतं. ती विश्वास ठेवणारच होती, सरांचं नाव घेतल्यावर. मग ते 'दोन मिनिटं' कशाला? तिचा चेहरा उतरलेला बघायचा होता मला. तो मी बघितला. आणि मला बरं वाटलं. हो, त्या क्षणी बरं वाटलं.

मग आठ दिवस आम्ही कापाकापी केली. मी आकडे वाचायचे, ती बटणं दाबायची. थोडं झालं की पडद्यावर यायचं, मेमरी संपली. मग ती वही उघडायची आणि पेन्सिलीने ओळी काढायची. आधी उशिराचा भाग गेला. मग नाना गेला. नानाच्या ओळींवर तिने पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. "सर नक्की असंच म्हणाले ना गं?" तेव्हाही विचारलं तिने. मी म्हटलं, मी काय खोटं सांगते का? चिडून म्हटलं! त्यावर तिलाच ओशाळल्यासारखं झालं. शेवटी काकीची आठवण काढून टाकली — म्हणजे काकी चित्रात राहिली, कमरेवर हात ठेवून, पण तिला आता कालचं काही आठवत नव्हतं. हंडा भरायचा, पाणी जायचं, पुन्हा सकाळ. एवढाच गेम उरला. माझा हंडा मात्र सुंदर दिसत होता.

प्रदर्शन रविवारी होतं. सुरुवातीचं चित्र पडद्यावर रेघेरेघेने उमटायचं, तेवढा वेळ गर्दी व्हायची. वा, काय हंडा काढलाय! कुणी काढलाय? मी पुढे व्हायचे. मग खेळ सुरू व्हायचा आणि दोन-तीन सकाळी झाल्या की माणसं हळूच शेजारच्या टेबलाकडे सरकायची. तिथे एका मुलाने नुसते पाढे विचारायचा प्रोग्रॅम केला होता. चूक उत्तर दिलं की मशीन 'कान पकड' म्हणायचं. पालक तिथे रांग लावून उभे होते. शुभांगी खुर्चीवर बसून राहिली, हात मांडीवर. बाबाही आले होते. एक डाव खेळले आणि मला म्हणाले, तो डांबरट कुठे गेला गं? मी त्यांना वडे खायला पाठवलं.

मग सर आले. बसले, तीन सकाळी खेळले. चौथ्या सकाळी ते थांबले. शेजारी येण्याची वाट बघत होते. कुणी आलं नाही.

"शेजारी कुठे गेले, शुभांगी?"

"काढले, सर. चित्रांना जागा पुरत नव्हती."

"पण मी निरोप पाठवला होता, हात लावू नकोस म्हणून. मिळाला नाही का?"

शुभांगीने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. सगळं तिला त्या एका बघण्यात कळलं, आणि तिला कळल्याचं मला कळलं. ती आता सांगणार. आता सगळ्यांसमोर माझी शोभा होणार.

ती म्हणाली, "मिळाला होता, सर."

का म्हणाली असं? मला वाचवलं का? की मला वेळ दिला — बाई गं, मी थांबते, तू बोल? मी बोलले नाही. हातातली कॅसेटची डबी उघडत राहिले, मिटत राहिले. सरांनी मान हलवली आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. शाबूत राहिलं माझं अब्रूचं गाठोडं, तिच्या जिवावर.

संध्याकाळी आम्ही स्टेशनच्या पुलापर्यंत बरोबर चाललो. पुलापाशी शुभांगी म्हणाली, "उद्या येत नाही गं. आत्याला पोचवायचंय." त्यानंतर ती क्लासात कधीच आली नाही. माझ्याकडेही नाही. पुढे टायपिंग शिकली, जोगेश्वरीला एका ऑफिसात लागली, असं ऐकलं. सात-आठ वर्षांनी एकदा बाजारात दिसली, कडेवर मुलगी होती. आम्ही कांद्याबटाट्याचं बोललो. तिने विचारलं, चित्रं काढतेस ना अजून? सरळ विचारलं, आत काही न ठेवता. मी म्हटलं हो, आणि घाईत असल्याचं दाखवून निघाले.

मनातल्या मनात मी कित्येकदा इथपर्यंत येते आणि थांबते. खोटा निरोप दिला, कबूल. एकोणीस वर्षांची होते, मत्सर वाटला, चूक झाली. ऐकणाऱ्यालाही ते समजेल. पण अजून एक आहे, आणि ते या सगळ्यापेक्षा वाईट आहे. एवढा वेळ मी त्याच्याच भोवती फिरते आहे.

प्रदर्शनानंतरच्या बुधवारी सरांनी मला खोलीत बोलावलं. एकटीला. त्यांच्यासमोर एक कागद होता, पुढच्या वर्षीच्या बॅचचा. वर 'मदतनीस' असं लिहिलेलं, आणि त्यापुढे शाईने शुभांगीचं नाव. लिहून झालेलं होतं ते! मी उलट्या बाजूने वाचलं. सर कागदाकडे बघत म्हणाले, मला हीच मुलगी हवी होती, पण सांगितलेलं ऐकतच नसेल तर तिच्याकडे नव्या पोरांना सोपवू कसं? त्यांनाही कुठेतरी पटत नव्हतं, हे मला दिसत होतं. त्यांनी चष्मा काढला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "तू निरोप नीट दिला होतास ना? मी म्हटलं तसा? चुकून काही इकडचं तिकडे झालं असेल तर सांग, अजून वेळ आहे."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. माझी शोभा व्हायची नव्हती. चुकून झालं, एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं, खरंही सांगावं लागलं नसतं. शुभांगीचं घर तिथून वीस मिनिटांवर होतं. मी स्वतः जाऊन तिला बोलावून आणू शकले असते. हे सगळं मला तेव्हाच, त्या खुर्चीवर बसल्या बसल्या सुचलं होतं. नंतर नाही.

मी म्हटलं, "शब्द न शब्द दिला होता, सर. मीही सांगितलं तिला, ऐक म्हणून. ती ऐकेचना."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, चित्रं तुझी ना? चांगली आहेत. त्यांनी शुभांगीच्या नावावर रेघ मारली आणि पुढे माझं लिहिलं.

मी म्हटलं, थँक्यू सर. आणि विचारलं, आज दुपारपासूनच बसू का?